जुन्या पिकअपमधला ठोका आणि गिअरबॉक्सची गळती: मूळ कसं शोधायचं

माझी पिकअप २७ वर्षांची आहे. सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, डिस्ट्रिब्युटरचं इग्निशन, चार गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, ताकद मागच्या चाकांना. तिला एकाच महिन्यात दोन दुखणी लागली. आयडलिंगला खालून ‘ठक्-ठक्-ठक्’ असा जड ठोका, आणि गाडी हलवली की जमिनीवर तळहाताएवढा लाल डाग. पहिल्यांदा ज्या मेकॅनिकला दाखवली त्याने बॉनेट उघडून अर्धा मिनिट ऐकलं आणि सांगून टाकलं: रॉडचं बेअरिंग (पिस्टनचा रॉड इंजिनच्या मुख्य दांड्याला, क्रँकला, जिथे जोडतो ते) गेलंय, इंजिन खोलावं लागेल. डागाकडे बघून म्हणाला, एवढ्या जुन्या गाडीत गळायचंच. मी गाडी घरी आणली आणि पुढचे तीन रविवार तिच्याभोवती आणि तिच्याखाली घालवले. इंजिन तेव्हा खोललं नाही, अजूनही खोललेलं नाही. ठोका गेला, डागही गेला. त्या तीन रविवारांत काय केलं आणि का केलं, ते सांगते.

आधी एक गोष्ट मनात पक्की असू द्या. आवाज जिथे ऐकू येतो तिथेच होत असतो असं नाही, आणि तेल जिथून टपकतं तिथूनच गळत असतं असंही नाही. इंजिनचा ब्लॉक हा धातूचा एकसंध ठोकळा आहे, एका टोकाचा ठोका तो सहज दुसऱ्या टोकाला पोचवतो. तेल उभ्या गाडीत खाली ओघळतं आणि चालत्या गाडीत वाऱ्याने मागे ढकललं जातं. त्यामुळे पहिला अंदाज बहुधा चुकतो, आणि त्या अंदाजावर पार्ट बदलला की पैसा जातो, दुखणं राहतं.

सामान फार लागत नाही. एक मोठा स्वच्छ पुठ्ठा, चांगली बॅटरी (टॉर्च), मेकॅनिकचा स्टेथोस्कोप किंवा लांब स्क्रू ड्रायव्हर, मीटरभर रबरी नळी, छोटा आरसा, लोहचुंबक, डीग्रीझरचा स्प्रे, टाल्कम पावडर आणि एक वही. वही मी सगळ्यात महत्त्वाची मानते. गाडीखाली शिरायचं तर सपाट, टणक जमिनीवर, चाकांना अडण लावून आणि वजन स्टँडवर देऊनच. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली डोकं घालू नका, दोन मिनिटांसाठीही नाही. इंजिन चालू ठेवायचं तर उघड्यावर, कारण बंद जागेत साचणारा कार्बन मोनॉक्साइड नाकाला कळत नाही. सैल बाही, मोकळे केस, गळ्यातलं काहीही पंख्यापासून लांब.

आवाज: आधी तो कधी येतो ते लिहा

रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी पहिल्यांदा चालू करताना शेजारी उभं राहा. चावी दुसऱ्या कुणाला मारायला सांगा. त्या पहिल्या ३० सेकंदांत जुनं इंजिन जेवढं सांगतं तेवढं दिवसभरात सांगत नाही. चालू होताच दोन-तीन सेकंद खडखड आणि मग शांत, तर ऑइल वरपर्यंत पोचायला उशीर होतोय. कधी टायमिंग चेनचा टेन्शनर, कधी हायड्रॉलिक टॅपेट, आणि पुष्कळदा निव्वळ चुकीचा ऑइल फिल्टर, ज्याच्यात तेल मागे उतरू न देणारा व्हॉल्व्ह नसतो किंवा असून निकामी झालेला असतो. फिल्टर बदलून हा आवाज गेलेला मी पाहिलाय, त्यामुळे सुरुवात तिथून.

थंड असताना टिकटिक आणि दहा मिनिटांत गायब, यात दोन संशयित. एक, एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं पॅकिंग किंवा तुटलेला स्टड: धातू तापून फुगला की फट बुजते आणि आवाज थांबतो. दोन, पिस्टन स्लॅप: झिजलेल्या सिलिंडरमध्ये थंड पिस्टन भिंतीवर आपटतो, तापला की नीट बसतो. पहिला आवाज टोकदार असतो, त्यात ‘फस्’ अशी हवा ऐकू येते; दुसरा बोथट, लाकडावर आपटल्यासारखा. रबरी नळीचं एक टोक कानाशी धरा आणि दुसरं मॅनिफोल्डच्या सांध्यांवरून फिरवा. गळती असेल त्या जागी नळीत आवाज एकदम मोठा होतो. सांध्याशेजारी काजळीचा काळा पट्टा दिसला तर शंका उरत नाही. माझ्या गाडीत हेही निघालं, सगळ्यात मागचा स्टड तुटला होता, पण तो मूळ ठोका नव्हता. जुन्या गाडीत दोन आवाज एकत्र नांदतात. म्हणूनच वहीत प्रत्येकाची वेगळी ओळ हवी: थंड की गरम, कोणत्या आरपीएमला, चढावर वाढतो का, पाय काढल्यावर वाढतो का, गिअरमध्ये टाकल्यावर बदलतो का.

गरम झाल्यावर उगवणारा किंवा वाढणारा जड आवाज मात्र काळजीचा. तेल गरम होऊन पातळ झालं की झिजलेल्या बेअरिंगमधली मोकळीक बोलायला लागते.

आता पहिली तपासणी, जी सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत जास्त टाळली जाते: इंजिन ऑइलची लेव्हल. दीड लिटर कमी तेलात टॅपेट वाजणारच. लेव्हल ठीक असेल तर प्रेशर बघा, आणि डॅशबोर्डच्या काट्यावर किंवा दिव्यावर विसंबू नका. प्रेशर सेंडर (तेलाचा दाब डॅशबोर्डला कळवणारा सेन्सर) काढून त्या जागी साधा यांत्रिक गेज लावा आणि इंजिन पूर्ण तापवून मोजा. कारागीर एक ढोबळ हिशेब वापरतात: दर १,००० आरपीएमला निदान १० पीएसआय. माझ्या गाडीत गरम आयडलिंगला १८ आणि २,००० आरपीएमला ४० आलं. रॉडचं बेअरिंग ठोके देण्याइतकं झिजलेलं असताना एवढं प्रेशर टिकणं कठीण. निदानावर माझा पहिला अविश्वास बसला तो इथे.

मग फॅन बेल्ट काढला. वॉटर पंप, अल्टरनेटर, आयडलर पुली, एसीचा कॉम्प्रेसर, या सगळ्यांचे आवाज इंजिनच्या पोटातून आल्यासारखे वाटतात. बेल्ट उतरवून गाडी चालू करा, अर्धा मिनिट ऐका, बंद करा. वॉटर पंप फिरत नसतो, त्यामुळे यापेक्षा जास्त वेळ नको. आवाज गेला तर पुली हाताने फिरवून आणि हलवून बघा, खरखर किंवा ढिलाई लगेच हाताला लागते. बेल्ट उतरलेलाच आहे तर क्रँकच्या पुलीकडेही बघून घ्या. तिच्या दोन कड्यांमधलं रबर सुटलं की ती हुबेहूब बेअरिंगसारखी ठोकते. माझा ठोका बेल्ट काढूनही तसाच राहिला.

क्रँकचा ठोका की कॅमचा

व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो. म्हणून व्हॉल्व्ह, टॅपेट, रॉकर यांचा आवाज क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदा येतो, आणि क्रँकशी जोडलेल्या वस्तूंचा सहसा प्रत्येक फेरीत. ७०० आरपीएमवर पहिला मिनिटाला ३५० वेळा, दुसरा ७००. कानाने मोजणं अवघड आहे, पण डिस्ट्रिब्युटरच्या गाडीत टायमिंग लाइट हे काम सोपं करतो. लाइटची क्लिप कोणत्याही एका प्लगच्या वायरवर लावा. तो क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदा लुकलुकतो. प्रत्येक लुकलुकीला एक टिक म्हणजे आवाज वरचा, व्हॉल्व्हच्या बाजूचा. एका लुकलुकीला दोन ठोके म्हणजे खालचा. ज्या गाड्यांत एक कॉइल दोन प्लगांना मिळून ठिणगी देते, तिथे लाइट प्रत्येक फेरीला पेटतो आणि हा हिशेब लागू पडत नाही. माझ्याकडे लुकलुकीला दोन ठोके आले. म्हणजे क्रँक, किंवा क्रँकला बोल्टने जोडलेलं काहीतरी. मेकॅनिकचा कान चुकला नव्हता. तो फक्त तिथेच थांबला होता.

आता सिलिंडर एकेक करून बंद करायचे. पेट्रोल इंजिनमध्ये इंजेक्टरचा कनेक्टर काढणं सगळ्यांत बरं, कारण न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमध्ये जात नाही. कार्ब्युरेटर असेल तर प्लगची वायर इन्सुलेट केलेल्या पकडीने काढावी, तिचं टोक अर्थ करावं, आणि काही सेकंदांत परत बसवावी. रॉडच्या बेअरिंगचा ठोका त्याचा सिलिंडर बंद केला की स्पष्ट मऊ पडतो, कारण त्या रॉडवरचा स्फोटाचा दाब गेला. पिस्टन स्लॅपही कमी होतो. टॅपेटला काही फरक पडत नाही. जुन्या यांत्रिक पंपाच्या डिझेलमध्ये यासाठी इंजेक्टरच्या पाइपाचा नट किंचित सैल करतात. कॉमन रेलच्या इंजिनमध्ये हे चुकूनही करू नका. तिथलं प्रेशर १,००० बारच्या वर जातं आणि डिझेलची धार कातडीत घुसते.

मी सहाही सिलिंडर बंद करून बघितले. ठोका एकालाही दाद देईना. मग ब्रेक दाबून गिअर पार्कमधून ड्राइव्हमध्ये टाकला, आणि ठोक्याचा सूर बदलला, जरा दबका झाला. रॉडचं बेअरिंग असं वागत नाही.

मग स्टेथोस्कोप. स्क्रू ड्रायव्हर वापरणार असाल तर टोक धातूवर, मूठ कानामागच्या हाडावर. वरून खाली, पुढून मागे, प्रत्येक ठिकाणी सारखा वेळ द्या. आवाज कुठे मोठा आहे यापेक्षा कुठे धारदार आहे तिकडे लक्ष द्या. व्हॉल्व्ह कव्हरवर फक्त टॅपेटची साधी टिकटिक होती. चेंबरच्या (इंजिनच्या तळाच्या ऑइलच्या भांड्याच्या) पुढच्या भागात ठोका पुसट, मागे जास्त. आणि बेल हाउसिंगच्या (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या घंटेसारख्या कवचाच्या) तळाला दांडी टेकवली तेव्हा कानात हातोडी बसली.

ऑटोमॅटिक गाडीत क्रँकच्या मागे जाड फ्लायव्हील नसतं, पातळ पोलादी फ्लेक्सप्लेट असते आणि तिला टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनची ताकद तेलामार्फत गिअरबॉक्सला देणारा गोल डबा) बोल्टने जोडलेला असतो. हे बोल्ट सैल झाले किंवा प्लेट क्रँकच्या बोल्टांभोवती तडकली, की रॉडच्या बेअरिंगसारखाच ठोका येतो. मी इंजिन बंद केलं, बॅटरीची वायर काढली, खालचं पत्र्याचं झाकण उतरवलं आणि क्रँकच्या नटाला पाना लावून इंजिन हाताने हळूहळू फिरवलं. कन्व्हर्टरच्या चार बोल्टांपैकी दोन बोटाने फिरत होते. आरशात प्लेटच्या मध्याजवळ केसाएवढी तडा दिसली, दोन बोल्टांच्या भोकांना जोडणारी.

सिलिंडर बंद केल्यावर ठोका मऊ पडला असता, तर मी पुढची पायरी म्हणून ऑइल फिल्टर कापून बघितला असता: आतला कागद पसरून पिळायचा आणि उजेडात धरायचा. लोखंडाचे कण चुंबकाला चिकटतात. न चिकटणारे रुपेरी किंवा तांबूस चमकते कण बेअरिंगचे. ते दिसले तर गाडी तिथेच थांबवावी. प्रेशर कमी आणि ठोका गरम असताना जड, असं असूनही चालवत राहिलात तर वाचवता आला असता तो क्रँकही जातो.

गळती: धुतल्याशिवाय काही दिसत नाही

पहिल्या रविवारी मी ही चूक केली: वीस वर्षांच्या चिखल-तेलाच्या थराकडे बॅटरी मारून गळती शोधत बसले. सगळंच ओलं होतं. दुसऱ्या रविवारी इंजिनचा मागचा भाग, बेल हाउसिंग, गिअरबॉक्स आणि त्याचं तेल थंड करणाऱ्या कूलरच्या नळ्या डीग्रीझरने धुऊन कोरड्या केल्या, संशयित सांध्यांवर टाल्कम पावडर फुंकरली, वीस मिनिटं गाडी चालवली आणि पुठ्ठ्यावर उभी केली. पुठ्ठ्यावर पुढच्या चाकांची जागा पेनाने आखून ठेवा, म्हणजे डाग गाडीच्या कोणत्या भागाखाली पडला ते नंतर कळतं. मग पावडर कुठे ओली झाली ते बघायचं, आणि त्यातली सगळ्यांत वरची आणि सगळ्यांत पुढची जागा पकडायची. गळती तिथे, बाकीचा ओघळ.

रंग मदत करतो, पण पूर्ण भरवसा नको. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल, म्हणजे एटीएफ, नवं असताना लाल, जुनं झालं की तपकिरी. इंजिन ऑइल तपकिरी ते काळं. कूलंट हिरवं किंवा नारिंगी, बोटाला निसरडं, वास गोडसर. मागच्या ॲक्सलचं तेल जाड आणि त्याला गंधकाचा वास. पॉवर स्टिअरिंगमध्येही पुष्कळ गाड्यांत एटीएफच असतं, म्हणून लाल डाग पुढे असेल तर त्याची टाकी आधी बघा. फोर बाय फोर पिकअपमध्ये ट्रान्सफर केसमध्येही तेच तेल असू शकतं. रंगावरून ठरत नसेल तर यूव्ही डाय (अतिनील उजेडात चमकणारा रंग) फक्त गिअरबॉक्समध्ये टाका, शंभरेक किलोमीटर चालवा आणि अंधारात यूव्ही बॅटरीने बघा.

बाहेरच्या सोप्या जागा आधी निकालात काढा. पॅनचं (गिअरबॉक्सच्या तळाच्या तेलाच्या भांड्याचं) पॅकिंग: बोल्ट सैल असतील तर मॅन्युअलमधल्या टॉर्कला आवळा, बहुतेक ठिकाणी तो १० ते १५ न्यूटन-मीटरच्या आसपास असतो. जोर लावून जास्त आवळल्याने पॅनची कड भोकांपाशी वाकते आणि गळती वाढते. अशी कड लाकडावर ठेवून सपाट ठोकून घ्यावी लागते. पॅन काढलाच तर आतल्या चुंबकावर राखाडी मळी दिसेल, ती नेहमीची झीज. धातूचे कपचे मात्र नकोत. कूलरच्या नळ्या: रबर कडक झालेलं, चॅसीला घासलेलं, जोडावर गंज. या नळ्या इंजिन चालू असतानाच दाबाखाली असतात, त्यामुळे बंद गाडीत कोरड्या दिसून फसवतात. मागचं सील: प्रोपेलर शाफ्टचा योक (गिअरबॉक्समध्ये शिरणारं टोक) वर-खाली हलवून बघा. तो बराच हलत असेल तर आतला बुश (दांडा ज्यात फिरतो ती कडी) गेलाय आणि नवं सील घालून काही उपयोग नाही.

गाडी तीन-चार दिवस उभी राहिल्यावरच गळत असेल तर वेगळा संशय घ्या. इंजिन बंद असताना कन्व्हर्टरमधलं तेल हळूहळू पॅनमध्ये उतरतं, लेव्हल नेहमीच्या वर चढते आणि गिअर बदलण्याच्या दांडीचं सील किंवा पॅनचा वरचा काठ भिजतो. याच कारणाने लेव्हल थंड, बंद गाडीत बघू नये. गाडी वीसेक किलोमीटर चालवून, सपाट जागी, इंजिन चालू ठेवून, सगळे गिअर एकदा फिरवून डिपस्टिक बघावी, बहुतेक गाड्यांत पार्कमध्ये आणि काहींत न्यूट्रलमध्ये. इंजिन चालू पण तेल थंड असताना लेव्हल कमी दिसली म्हणून भर घालणारे तेल जास्त करून ठेवतात; मग त्याला फेस येतो आणि ते ब्रीदरमधून (गिअरबॉक्समधली हवा ये-जा करायच्या छिद्रातून) बाहेर पडतं. तो ब्रीदरही तपासा. मातीने बुजला असेल तर आत दाब साठतो आणि चांगली सीलंही गळायला लागतात. इंजिनचा पीसीव्ही व्हॉल्व्ह (इंजिनच्या पोटातला दाब बाहेर काढणारा) तुंबला तर क्रँकच्या मागच्या सीलचंही तेच होतं.

तेल कमी असल्याची एक खूण कानालाही कळते: पार्कमध्येसुद्धा, इंजिनच्या वेगाबरोबर चढणारी-उतरणारी ‘सूंऽऽ’ अशी किंकाळी. गिअरबॉक्सचा पंप हवा ओढतोय, किंवा त्याचा फिल्टर तुंबलाय.

बेल हाउसिंगच्या तळातून थेंब

माझा डाग इथून होता, आणि इथे लोक सगळ्यांत जास्त चुकतात. तीन ठिकाणचं तेल याच जागी येऊन टपकतं. व्हॉल्व्ह कव्हरच्या मागच्या कोपऱ्यातून किंवा ऑइल प्रेशर सेंडरपाशी गळालेलं इंजिन ऑइल बेल हाउसिंगच्या बाहेरून ओघळतं. आत बघितलं तर कोरडं असतं. क्रँकचं मागचं सील गळत असेल तर फ्लेक्सप्लेटची इंजिनकडची बाजू भिजते. गिअरबॉक्सच्या पंपाचं पुढचं सील गळत असेल तर ती बाजू कोरडी आणि कन्व्हर्टरची मागची बाजू ओली, तेल लाल. झाकण उतरवलेलं होतंच. आरसा आणि बॅटरी घालून बघितलं. प्लेट पुढून कोरडी, कन्व्हर्टर मागून ओला.

इथे दोन्ही दुखणी एक झाली. तडकलेली प्लेट आणि सैल बोल्ट यामुळे कन्व्हर्टर सरळ फिरत नव्हता, लटपटत होता. त्याचा मागचा गळा पंपाच्या बुशमध्ये आणि सीलच्या ओठात बसतो. लटपटीने बुश एका बाजूने झिजला आणि सीलचा ओठ उघडा पडला. नुसतं सील बदललं असतं तर काही आठवड्यांत पुन्हा गळलं असतं. इंजिन खोललं असतं तर बेअरिंगं चांगली निघाली असती, आणि तीच प्लेट परत लावली गेली असती.

तिसऱ्या रविवारी दोघांच्या मदतीने गिअरबॉक्स उतरवला. नवी फ्लेक्सप्लेट, पंपाचा नवा बुश, नवं सील, सगळे नवे बोल्ट. कन्व्हर्टरच्या गळ्यावर नखाला खाच लागते का ते बघितलं. लागली असती तर कन्व्हर्टरही बदलावा लागला असता. सीलच्या ओठाला बसवण्यापूर्वी स्वच्छ एटीएफ लावा. कन्व्हर्टर फिरवत फिरवत आत ढकला, तो टप्प्याटप्प्याने बसतो. पूर्ण बसला असेल तर बेल हाउसिंग इंजिनला जोडल्यावरही त्याच्या आणि प्लेटच्या मध्ये थोडी फट राहते आणि तो हाताने सहज फिरतो. फट नसेल तर बोल्ट आवळू नका, पंप फुटेल. माझं हे पहिल्यांदा झालं नाही. गिअरबॉक्स मागे घेऊन पुन्हा बसवावा लागला आणि त्यात दुपार गेली. बोल्टांना थ्रेडलॉकर (आटे सैल होऊ न देणारा गोंद) लावला आणि मॅन्युअलमधल्या टॉर्कला आवळले.

यातलं काही दिसलं तर मात्र रविवारची वाट बघू नका, गाडी उभी करा: ऑइलचा दिवा पेटलेला आणि खालून ठोका, एटीएफ गरम सायलेन्सरवर टपकतंय आणि धूर येतोय, कारण ते पेट घेतं, कूलंटच्या टाकीत किंवा गिअरबॉक्सच्या डिपस्टिकवर गुलाबी, दुधाळ फेस, म्हणजे रेडिएटरमधला कूलर फुटून दोन्ही द्रव मिसळले आणि क्लचच्या प्लेटांचं अस्तर सुटायला लागलं.

काम झाल्यावर मी ५० किलोमीटरनंतर एटीएफची लेव्हल गरम असताना बघितली आणि थोडी भर घातली. ५०० किलोमीटरनंतर खालचं झाकण पुन्हा काढलं, इंजिन हाताने एक पूर्ण फेरी फिरवून चारही बोल्टांना पाना लावला. एकही हलला नाही. कन्व्हर्टरमागे पावडर फुंकली होती, ती कोरडी होती.